विचारणाऱ्याचा आवाज

आमच्या सरांना मी रेडिओ केंद्रात बसून रेडिओ ऐकताना कधी पाहिलं नाही. प्रसारणाला दहा मिनिटं राहिली की ते काचेतून स्टुडिओत एक नजर टाकायचे. निवेदिका जागेवर आहे, मी मशीनवर आहे, एवढं पाहून लुनाला पायडल मारायचे आणि निघून जायचे. प्रसारणाच्या वेळेला केंद्रप्रमुखच गायब, असं केंद्र दुसरं कुठं असेल असं मला वाटत नाही. जायचे कुठं, तर ऐकायला. कधी शहागडच्या हायवेवरच्या चहाच्या टपरीवर, कधी पिठाच्या गिरणीत, कधी कुणाच्या गोठ्यात. जिथं आमचा रेडिओ चालू असेल तिथं जाऊन कोपऱ्यात बसायचे. रेडिओकडं बघायचेच नाहीत, ऐकणाऱ्याच्या तोंडाकडं बघायचे.

अंकुशनगरचा साखर कारखाना आणि शहागडचा पूल यांच्या मधे, उसाच्या रस्त्याला लागून आमचं दोन खोल्यांचं केंद्र होतं. एक छोटी संस्था ते चालवायची. टॉवर बेताचा, त्यामुळं आवाज पंधरा-वीस किलोमीटर जायचा आणि पुढं नुसती खरखर. भोकरदनकडचे माझे पाहुणे मला लग्नात चिडवायचे, "तू रेडिओवर असतो म्हणं, आमच्याकडं तर कधीच न्हाई आला." मी सांगायचो, आमचा आवाज अंबडच्या पुढं थकतो.

सर मूळचे भोकरदनचेच. नोकरी सगळी सरकारी रेडिओत झाली, पण माइकसमोर नाही. माइकच्या मागं, कार्यक्रम तयार करण्यात. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रा करतात, बंगला बांधतात. ह्यांनी आपल्या जिल्ह्यात येऊन हे पिल्लू सांभाळायला घेतलं. दोन वर्षांत केंद्र उभं करून देतो आणि परत जातो, असं संस्थेला सांगून आले होते. अकरा वर्षं राहिले.

त्यांच्या खिशात एक छोटी वही असायची. त्या वहीत लोकांच्या घरातल्या रेडिओच्या जागा लिहिलेल्या होत्या. तुमच्या घरी रेडिओ कुठं असतो, हा त्यांचा पहिला प्रश्न. नाव-गाव नंतर. फ्रिजवर. गोठ्यात खुंटीला. सायकलच्या हँडलला. एका म्हातारीनं ज्वारीच्या कोठीत ठेवला होता, कारण सून स्टेशन बदलायची. आता बहुतेक लोक मोबाइलवर ऐकतात, तर सर विचारायचे, मोबाइल कुठं ठेवता? पदराला बांधून की भिंतीला टेकवून? मला आधी वाटायचं, ह्या माणसाला काही उद्योग नाही. मग एकदा त्यांनी बायकांचा कार्यक्रम एकदम अर्धा तास पुढं ढकलला. का, तर वहीतले रेडिओ चुलीजवळून उठून दारात आले होते. म्हणजे बायका त्या वेळेला स्वयंपाक संपवून भांडी घासायला बाहेर असतात, आणि रेडिओ सोबत नेला तरी भांड्यांच्या आवाजात ऐकू येत नाही. कुठल्याही कचेरीत असं कुणी कधी शोधून काढलं नसेल.

माझी नेमणूक हा तर आणखी मोठा किस्सा. बसस्टँडसमोर माझं मोबाइल दुरुस्तीचं टपरीएवढं दुकान होतं. सर एक रेकॉर्डर घेऊन आले, त्याचं बटण अडकत होतं. मी बटण बसवलं, बघायला म्हणून 'हॅलो हॅलो, एक दोन तीन' असं म्हणून रेकॉर्ड केलं, ऐकलं, पुसलं आणि मशीन हातात दिली. सरांनी ती उलटसुलट करून पाहिली.

"तू आत काहीतरी बोललास ना? कुठं गेलं ते?"

"पुसलं सर."

"का?"

"तुमच्या मशीनमधी माझा आवाज कशाला?"

सर माझ्याकडं बघतच राहिले. मला वाटलं काहीतरी चुकलं, आता दुरुस्तीचे पैसे बुडाले. तर म्हणाले, "सोमवारपासून येतोस का?" मी विचारलं, काय काम आहे? म्हणाले, "हेच. पुसायचं."

आणि खरोखर तेच काम होतं. सर गावोगाव जाऊन लोकांना बोलतं करायचे, रेकॉर्डिंग माझ्यापुढं आणून ठेवायचे, आणि मी त्यातून एकच गोष्ट काढून टाकायची. सरांचा आवाज. त्यांचे प्रश्न, त्यांचं 'हं', त्यांचं 'बरं का', त्यांचं हसू, सगळं. राहायचं ते फक्त समोरच्याचं बोलणं. ऐकणाऱ्याला वाटावं, माणूस आपल्या आपण बोलतोय. प्रश्न कापला की तिथं एका श्वासापुरती जागा ठेवायची, त्याहून जास्त नाही. "विचारणारा म्हणजे हमाल," सर म्हणायचे. "माल उतरला की हमालानं बाजूला व्हावं. दुकानात उभं राहू नये." मूळ रेकॉर्डिंगही ठेवायचं नाही. दर शनिवारी रेकॉर्डरचं कार्ड कोरं झालेलं त्यांना दाखवायचं. जागा अडते, हे त्यांचं कारण.

हमाल म्हणवून घ्यायचे, पण प्रश्न असे विचारायचे की दुसऱ्या कुणाला सुचले नसते. कारखान्याचा भोंगा वाजवणाऱ्याला सगळे विचारतात, किती वर्षं नोकरी झाली. सरांनी विचारलं, "सगळा गाव तुमच्या भोंग्यानं उठतो, तुम्हाला कोण उठवतं?" तो गडी लाजला. "मालकीण उठवती. एक दिस ती माहेरी गेल्ती तर पाळीच लेट झाल्ती बगा." शहागडला एका ट्रकवाल्याला विचारलं, "ह्या गाडीतली सगळ्यात जुनी वस्तू कोणती?" त्यानं इंजिनाकडं बघितलं, टायरकडं बघितलं, आणि म्हणाला, "मीच." सर तिथं पोट धरून हसले होते. ते हसू मी कापलं. पंधरा सेकंदांचं असेल.

ह्या कापाकापीनं एकदा चांगलाच घोळ झाला. नदीकाठच्या एका साठीतल्या गृहस्थांची मुलाखत होती. बागायतदार माणूस, गावात मान. सगळं बोलणं पिकापाण्याचं, आणि शेवटी त्यांचं वाक्य, "न्हाई ओ, घरी न्हाई सांगितलं अजून. बिलकुल न्हाई. कळलं तर घराबाहेर काढतीन मला." प्रश्न नेहमीप्रमाणं कापलेला. उत्तर मला गमतीदार वाटलं म्हणून मी ते शेवटाला लावलं आणि प्रसारित झालं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या मंडळी थेट केंद्रात. सोबत दोन सुना. "काय न्हाई सांगितलं घरी? आं? कोण हाय ती?" निवेदिका स्टुडिओत जाऊन दार लावून बसली. मी मशीनच्या मागं. सर शांतपणे पुढं आले, त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाले, "बाई, मी त्यांना विचारलं होतं, ह्या वयात तुम्ही नदीवर पोहायला शिकताय, घरी माहीत आहे का?"

बाई खुर्चीत पुढं सरकल्या. मग म्हणाल्या, "पोहायला? गुडघे धरून उठतंय ते मानूस!" आणि मग आमचं कुणाचंच हसू थांबेना. पण त्या गेल्यावर सर बाहेर जाऊन लुनाचा प्लग काढून बसले. सर कधी ओरडायचे नाहीत. चिडले की प्लग काढून कापडानं पुसत बसायचे. प्लग बाहेर दिसला की आम्ही समजायचो, आज आपलं काहीतरी चुकलंय. अर्ध्या तासानं आत आले आणि एवढंच म्हणाले, "प्रश्नाशिवाय उभं राहत नाही असं उत्तर ठेवायचं नाही."

मी म्हणालो, "सर, त्यापरीस तुमचा प्रश्नच ठेवला असता तर? लोकान्ला पण कळू द्या ना, कोण इचारून राह्यलं."

"नको."

"पण का सर?"

त्यांनी वही काढली, त्यात काहीतरी लिहिल्यासारखं केलं आणि विषय बदलला. जगाला प्रश्न विचारणारा माणूस, पण स्वतःला कुणी विचारलं की वहीत तोंड घालायचा. ह्याचं मला फार नवल वाटायचं. केंद्रात ज्याचं त्याचं एक मत होतं. निवेदिका म्हणायची, आवाज घोगरा आहे म्हणून लाजतात. संस्थेचे सचिव म्हणायचे, जुन्या लोकांची शिस्त. मला वाटायचं, ह्या माणसाला दिसायचंच नाही. पण का दिसायचं नाही, ते मला अकरा वर्षांत कळलं नाही.

त्यांच्या घरी मात्र मी कायम जायचो. केंद्राच्या मागच्याच बाजूला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. काकू पुण्याच्या. माहेर तिथलं, नोकरी तिथली, मुलगा तिथला. सरांच्या बदल्यांच्या गावी त्या कधी गेल्या नव्हत्या, सुट्टीला सरच पुण्याला जायचे. म्हणजे सगळा संसार एका छताखाली असा पहिल्यांदा झाला तो इथं, उसाच्या रस्त्यावर. काकू कमी बोलायच्या. चहा द्यायच्या, पुस्तक वाचत बसायच्या. सर चहा पुढ्यात घेऊन मला दिवसभराचं सांगत बसायचे आणि चहाचं गार पाणी व्हायचं. काकू तो कप उचलून न्यायच्या आणि दुसरा आणायच्या. तोही गार व्हायचा. कधी एका शब्दानं बोलल्या नाहीत.

सर गेले ते ऐकतानाच गेले. गावातल्या सलूनमध्ये, सकाळच्या प्रसारणाच्या वेळेला. बाकावर भिंतीला टेकून बसले होते. सलूनवाला मला नंतर सांगत होता. "मला वाटलं सरांचा डोळा लागला. दमून आल्ते. मंग मी रेडिओचा आवाज बारीक केला, झोप मोडू न्हाई म्हणून." गिऱ्हाइकाची दाढी पुरी झाली, दुसरं बसलं, तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. ते ऐकल्यावर मी माझ्या बंद दुकानाच्या मागं जाऊन रडलो. माझे वडील गेले तेव्हाही मी एवढा रडलो नव्हतो, हे खरं ते सांगतो.

तेराव्यानंतर मुलगा आईला पुण्याला न्यायला आला. रविवारी निघायचं ठरलं. मंगळवारी काकूंनी मला बोलावून घेतलं. माझ्या हातात एक पेनड्राइव्ह ठेवला. नवा, पाकीट न फोडलेला.

"ह्यांचा आवाज घालून दे मला ह्यात," म्हणाल्या. "फार नको. थोडा दिला तरी चालेल. घरात कुठंच नाही बघ. लग्नाच्या व्हिडिओत आहेत, पण बँड वाजतोय. तुझ्याकडं तर अकरा वर्षांचं असेल."

मी म्हणालो, "हाय ना काकू. लगेच देतो."

असं म्हणून केंद्रात आलो, कॉम्प्युटर लावला, आणि मग माझ्या लक्षात आलं, मी काय बोलून बसलो ते.

मंगळवार, बुधवार, गुरुवार. मी अकरा वर्षांचे कार्यक्रम उघडून बसलो. सगळी बोलत होती. भोंगेवाला, ट्रकवाला, सुईण, पोहणारे बागायतदार, ऊसतोडीला आलेल्या बायका. "व्हय सर." "तसं न्हाई सर." "हसू नका ना सर." ज्याला ते बोलत होते तो माणूस कुठंच नव्हता. माझ्या हातानं गेला होता. इतकं साफ काम केलं होतं की एक 'हं' सुद्धा सापडेना. सरांचा मोबाइल साधा, बटणांचा, त्यात काही नाही. त्यांच्या जुन्या नोकरीतल्या एका सोबत्याला फोन केला. तो म्हणाला, "अरे, तो तिकडंही स्वतःला कापायचा." मी त्या दिवशी जेवलो नाही. चांगला कारागीर म्हणून आपली पाठ आपणच थोपटून घ्यायची आणि हा असा उजेड पाडायचा.

शुक्रवारी एक सापडलं. म्हणजे तेही नाहीच. माझ्या कॉम्प्युटरमध्ये सरांच्या चोरून ठेवलेला एक फोल्डर होता. कार्यक्रमात न घेतलेलं, पण टाकवत नाही असं, लोकांचं हसणं-खिदळणं मी त्यात जमा करायचो. त्यात धनगर वस्तीवरच्या एका आजीचं दीड मिनिट होतं. ती घोंगड्यांबद्दल सांगत असताना मधेच उलट सरांनाच विचारायला लागली होती. सर म्हणाले होते, एवढं सगळं काढून टाक. मी कार्यक्रमातून काढलं आणि आजीच्या हसण्यासाठी गुपचूप ठेवलं. पण ठेवायचं तर सगळं ठेवावं ना? हात सवयीनं चालला. गुपचूप ठेवलेल्यातूनही मी सरांना कापून टाकलं होतं.

शनिवारी संध्याकाळी लॅपटॉप आणि तो न फोडलेला पेनड्राइव्ह घेऊन काकूंकडं गेलो. मुलगा मालकाकडं भाड्याचा हिशेब मिटवायला गेला होता. बॅगा भरलेल्या होत्या. एक उघडी होती, त्यात काकू सरांच्या वह्या रचत होत्या.

मी सगळं सांगून टाकलं. फिरवून बोलायचं ठरवून गेलो होतो, पण जमलं नाही. "काकू, एक शब्द न्हाई. मीच पुसला सगळा. ते सांगायचे अन् मी पुसायचो. पाया पडतो तुमच्या."

काकू खाली बसल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "असू दे," म्हणाल्या. "तू तरी काय करणार." पण चेहरा असा झाला की मला तिथं उभं राहवेना. काहीतरी द्यायचं म्हणून मी म्हणालो, एक आजी आहे, ती सरांशी बोलतेय, ते ऐकता का? आणि उत्तराची वाट न पाहता लावलं.

आजीचा खणखणीत आवाज खोलीत आला. "सायेब, मला सकाळधरनं इचारून राह्यले तुम्ही. तुमच्या बायकूला इचारता का असं काही?"

एका श्वासाची जागा. मग आजीचं हसू. "आरं माज्या देवा! भेता व्हय तिला? एवढा मोठा मानूस!" पुन्हा जागा. "मंग काय इचारायचं हाय तिला, सांगा तरी." पुन्हा जागा, आणि मग आजी एकदम हळू आवाजात, "इचारून टाका सायेब. मनात न्हाई ठेवू असं."

संपलं. मला वाटलं होतं, काकूंना हसू येईल. त्या माझ्याकडं बघत होत्या.

"मधे ते काय म्हणाले?"

मी लॅपटॉप मिटायला लागलो.

"तू कापलंस ना? मग तू ऐकलं असशील."

ऐकलं होतं. कापायचं म्हणजे आधी चार-चार वेळा ऐकावं लागतं, वाक्य कुठं सुरू होतं, श्वास कुठं संपतो. सरांचा शब्द न् शब्द माझ्या डोक्यात होता. जगात आता तो एवढ्याच ठिकाणी होता. पण ते सांगायचं कसं? ते काही नवऱ्यानं बायकोबद्दल केलेलं कौतुक नव्हतं. उद्या ह्या बाईंना पुण्याला जायचं होतं, आणि मी हे त्यांच्या गाठीला बांधून देऊ?

"सांग," काकू म्हणाल्या. "जसं बोलले तसं सांग."

मग मी सांगितलं. आवाज काढायला गेलो नाही, नुसते शब्द सांगितले. "सर म्हणाले, 'सगळ्या तालुक्याला विचारतो आजी, पण तिला विचारायची हिंमत होत नाही.' मंग आजी हसली. मंग सर म्हणाले, 'ती कधी खोटं बोलत नाही ना, म्हणून भीती वाटते.' अन् शेवटी म्हणाले, 'तिला दोन वर्षांसाठी म्हणून आणलं होतं. इथं करमतं का, एवढंच विचारायचंय. नाही म्हणाली तर मला हे सगळं सोडून जावं लागेल. आणि मला जायचं नाही.'"

बाहेर उसाचा एक ट्रॅक्टर गेला. काकूंनी बॅगेतली वरची वही उचलून पुन्हा नीट ठेवली.

"नाही करमलं," मग म्हणाल्या. "एक दिवस नाही करमलं मला इथं."

मी मान खाली घातली.

"पण सांगितलं असतं तर त्यांनी दुसऱ्या दिवशी सामान बांधलं असतं. पुण्यात आणून बसवलं असतं मला, आणि स्वतः खिडकीत बसले असते. म्हणून मीही बोलले नाही." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "कधी विचारतात ह्याची भीती वाटायची मला. खोटं बोलता आलं नसतं."

बाहेर फाटक वाजलं, मुलगा आला असावा. काकू उठल्या, पाकीट माझ्यासमोर फोडलं आणि पेनड्राइव्ह लॅपटॉपशेजारी ठेवला.

"ती आजी घालून दे ह्यात," म्हणाल्या. "आहे तशीच. मधलं मला आता माहीत आहे."